टोडस्टूल लेदर कोरल उघडत नाहीये: कात टाकतंय की आजारी आहे?

मदत हवी आहे. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं टोडस्टूल (छत्रीच्या आकाराचं मऊ कोरल) बरेच दिवस मिटून आहे, टोपीवर एकही पॉलिप (कोरलचं फुलासारखं छोटं तोंड) दिसत नाही. वर मेणचट, चकचकीत पापुद्रा आलाय. एका कडेला तो सुटून लोंबतोय आणि खालची कातडी फिकट पण घट्ट दिसते. दुसऱ्या बाजूला मात्र तो चिकटून बसलाय आणि त्यावर तपकिरी शेवाळ धरू लागलंय. देठ ताठ आहे, कुठे मऊ पडलेलं नाही.

आकडे कुणी विचारण्याआधीच देतो: खारटपणा १.०२५, तापमान २५.५ अंश, अल्कलिनिटी ८.४ डीकेएच, नायट्रेट १० पीपीएम, फॉस्फेट ०.०५ पीपीएम, अमोनिया शून्य. पाणी आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेलं). दिवे, मीठ तेच. शेजारचे झोआ आणि मश्रूम हे कोरल मजेत फुललेत, त्यामुळे दोष पाण्याला द्यावासा वाटत नाही.

वेव्हमेकर वळवून प्रवाह वाढवला (थेट मारा नाही), पाण्यातली रसायनं शोषणारा कार्बन नवा घातला, थोडं पाणी बदललं. रात्री टॉर्च मारून पाहिलं, न्यूडिब्रँक (कोरल खाणाऱ्या समुद्री गोगलगायी) वगैरे काही सापडलं नाही. संशय एकाच गोष्टीचा: प्रवाहाच्या वरच्या अंगाला नवीन फिंगर लेदर (दुसऱ्या जातीचं लेदर कोरल) ठेवलंय. लेदर कोरल पाण्यात टर्पीन (शेजारच्या कोरलना त्रास देणारी रसायनं) सोडतात हे माहीत आहे, पण कार्बन असूनही इतका त्रास होतो का?

टोडस्टूल मोठ्या दगडाला चिकटलंय आणि दुसरी टाकी नाही, म्हणजे बाहेर काढून डिप देणं (औषधी द्रावणात बुडवणं) अवघड.

तर चिकटलेला पापुद्रा पिपेटने फुंकून काढावा, की हात न लावता वाट पाहावी? आणि फिंगर लेदर आत्ताच हलवू का?