इंडी गाण्यांची यादी, त्यात मराठी एकही नाही

मृद्गंध
परवा इथे एकाने आपल्या आवडत्या इंडी गाण्यांची, म्हणजे मोठ्या कंपन्यांशिवाय स्वतंत्रपणे गाणी करणाऱ्यांची, यादी टाकली. इंडियन ओशन, अवियल, द लोकल ट्रेन, पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, प्रतीक कुहाड. यादी चांगलीच आहे. पण खाली लिहिलं होतं, 'मराठीत या तोडीचं कुणी करत नाही, म्हणून एकही घेतलं नाही.' हे वाचून डोकंच फिरलं. मुंबईत मेट्रो कारशेडसाठी आरेतली झाडं तोडण्यावरून रान पेटलं होतं तेव्हा, २०१९ मध्ये, 'स्वदेसी' या हिपहॉप गटाने प्रकाश भोईरांना बरोबर घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं. भोईर आरेतल्याच पाड्यावरचे. गटातल्या एमसी मवालीच्या रॅपच्या जोडीला त्यांचा रापलेला आवाज येतो तेव्हा अंगावर काटा येतो. 'अभंग रिपोस्ट' हा बँड, ते संतांचे अभंग गिटार-ड्रम्सवर गातात. अवियलचं मल्याळम तुम्हाला ओ की ठो कळत नाही, तरी ऐकता ना? मग स्वतःच्या भाषेत शोधायला काय झालं?

खर्जातला
यादी माझी आहे. 'माझी आवडती' असं लिहिलंय, महाराष्ट्रातर्फे पाठवलेली नाही. २००० साली इंडियन ओशनचा 'कंदिसा' अल्बम आला तेव्हा मी होस्टेलवर होतो, कॅसेटची फीत ढिली होईपर्यंत ऐकला. त्यांचे असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवता वाजवता गायचे. २००९ मध्ये ते गेले, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. आवडीत आरक्षण चालत नाही. आणि अभंग मला टाळ-पखवाजावरच आवडतो. गिटार लावली की त्यातलं आर्जव जातं.

मृद्गंध
आवडीबद्दल कोण बोलतंय? 'कुणी करत नाही' हे विधान आहे, आवड नाही.

उपनगरी
भाषेवरून भांडताय, पण यादीखालची लिंक स्पॉटिफायची आहे त्याचं काय? २०२४ पासून तिथे नियम आहे: बारा महिन्यांत गाणं हजारदा वाजलं नाही तर एक पैसा मिळत नाही. नव्या मराठी बँडची निम्मी गाणी यातच अडकत असतील. माझा भाऊ ड्रमर आहे. एका हॉटेलवाल्याने रात्रभर वाजवून घेतलं, शेवटी बिर्याणी पुढे केली आणि म्हणाला, 'तुमची प्रसिद्धी झाली की!' ड्रम्स टेम्पोतून नेण्याचं भाडं भावाने खिशातून भरलं. आता तो वाजवत नाही. 'मराठीत कुणी करत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं.

सांगलीचा_श्रोता
स्पॉटिफाय नसतं तर आमच्या गावात अवियल पोचलं असतं का? इथे ना असलं दुकान, ना कार्यक्रम. मुंबई-पुण्यात बसून आम्हाला पाप-पुण्य शिकवू नका.

उपनगरी
फुकट ऐकायचं आणि वर उपकाराची भाषा! बँडकॅम्पवर विकत घ्या, तिथे कलाकार स्वतःची गाणी थेट विकतात. ते डिजिटल विक्रीतले १५ टक्के घेतात, आणि २०२० पासून अधूनमधून एखाद्या शुक्रवारी तेही सोडतात. बाकी बहुतेक पैसे कलाकाराला जातात.

सांगलीचा_श्रोता
फुकट कसं? दरमहा वर्गणी भरतो. ती कुणाच्या खिशात जाते हे कंपनीला विचारा, माझ्यावर का डाफरताय?

धोबीतलाव
पैशाचं राहू द्या, वाजवायला जागा कुठे आहे? मुंबईत धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवाला आम्ही पावसात भिजत उभे राहायचो. कॉलेजातली पोरंसुद्धा त्या मंचावर चढायची. २००३ च्या सुमारास शांतता क्षेत्राच्या नियमाने तिथल्या मैफली बंद पडल्या. शेजारी हॉस्पिटल आहे, मान्य. पण बदल्यात तशी खुली, परवडणारी जागा कुणी दिली नाही. उरले ते महागड्या तिकिटांचे महोत्सव.

मृद्गंध
काका, जागेचं बरोबर आहे. पण जागा नसतानाही जे करतायत त्यांना यादीतून वगळायचं का?

खर्जातला
बरं. 'वारली रिव्होल्ट' रात्री हेडफोन लावून ऐकलं, दोनदा. भोईरांचा आवाज खरंच जबरदस्त आहे. यादीत टाकतोय, आणि ते वाक्य 'मला सापडलं नव्हतं' असं करतोय. त्यापुढे एक शब्द बदलणार नाही. अभंग रिपोस्ट येणार नाही म्हणजे नाही.

उपनगरी
आणि लिंक?

खर्जातला
लिंक तीच राहील, माझी सगळी गाणी तिथेच आहेत. ज्यांचं बँडकॅम्पवर मिळतं त्यांच्या नावापुढे तोही पत्ता टाकतो. भावाच्या बँडचं काही रेकॉर्ड केलेलं असेल तर पाठवा. आवडलं तर विकत घेईन. आवडलं तरच.