मदत हवी आहे: अकरावीतली मुलगी, पाच परीक्षा आणि डिप्लोमा

रेवती_पी: मुलगी इथे अमेरिकेत अकरावीत आहे. शाळा म्हणते, राज्याच्या पाच परीक्षा पास झाल्याशिवाय डिप्लोमा (म्हणजे बारावी पासचा दाखला) नाही. दहावीला उत्तम मार्क असताना आता परत बीजगणित आणि बायोलॉजी? एप्रिलमध्ये परीक्षा आहे. यातून सूट कशी मिळते? प्लीज लवकर सांगा.

बॉस्टनचा_भाऊ: आमच्याकडे ही भानगड राहिलीच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनीच एमकॅस या राज्याच्या परीक्षेची अट काढून टाकली. शाळेला ठणकावून विचारा.

सई_ऑस्टिन: भाऊ, त्यांनी राज्य कुठे सांगितलंय? रेवतीताई, टेक्सास का? तिथे पाच ईओसी (कोर्स संपताना होणाऱ्या राज्याच्या परीक्षा) असतात: अल्जिब्रा १, इंग्लिश १, इंग्लिश २, बायोलॉजी आणि यूएस हिस्टरी.

क्वीन्सकर: न्यूयॉर्कलाही रीजंट्स नावाच्या पाच परीक्षा असायच्या. आधी राज्य सांगा, मग बोलू.

रेवती_पी: टेक्सासच, डॅलसजवळ. मला वाटलं सगळीकडे सारखंच असेल. नववी-दहावी पुण्यात सीबीएसई, ऑगस्टमध्ये इथे आलो.

सई_ऑस्टिन: हे आधी सांगायला हवं होतं, सगळं त्यावरच आहे! टेक्सासच्या पब्लिक शाळेत नाव घालण्याआधी मिळवलेलं क्रेडिट (विषय पूर्ण केल्याची नोंद) शाळेने स्वीकारलं असेल, तर त्या विषयाची ईओसी डिप्लोमासाठी द्यावी लागत नाही. ट्रान्सक्रिप्ट (शाळेकडचा विषय आणि क्रेडिटचा उतारा) मागवा आणि ओळ न् ओळ वाचा. नववीचं प्रगतिपुस्तक दिलं होतं ना? बरेच जण फक्त दहावीची मार्कशीट देतात.

गणितवाले_काका: कशाला एवढा खटाटोप? सरळ एसएटीला (कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेला) बसवा. चांगला स्कोअर आला की काम झालं, कॉलेजलाही तो उपयोगी पडतो.

सई_ऑस्टिन: काका, एसएटीने हिस्टरी सुटत नाही. तिथे एपी यूएस हिस्टरी या कॉलेज पातळीच्या परीक्षेत पाचपैकी किमान ३ आले तर चालतात. आणि गणित-इंग्लिशला कोणता स्कोअर धरतात ते शाळेकडून लेखी घ्यावं लागतं.

गणितवाले_काका: माझ्या दोन्ही मुलांनी एसएटीच दिली, काही अडलं नाही.

सई_ऑस्टिन: ती इथेच शिकलेली. हिची केस वेगळी आहे.

निशिगंध: भारतात परत जाणार असाल तर अमेरिकन डिप्लोमाला समकक्षता प्रमाणपत्र लागेल. इंजिनिअरिंग हवं असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री सोडू नका.

रेवती_पी: परत जायचं नाहीये. ट्रान्सक्रिप्ट मिळालं. नववीचंही दिलं होतं. अल्जिब्रा १, इंग्लिश १ आणि इंग्लिश २ पुढे क्रेडिट आहे, बायोलॉजी पुढे काहीच नाही. सायन्स समोर ‘आयपीसी’ लिहिलंय. हे काय?

सई_ऑस्टिन: इंटिग्रेटेड फिजिक्स अँड केमिस्ट्री. आमच्या मुलाचंही हेच झालं होतं. आपल्या मार्कशीटवर नुसतं ‘सायन्स’ असतं, जीवशास्त्र त्यातच असतं हे इथे कोणाला कळणार? आम्ही सीबीएसईच्या अभ्यासक्रमाची पानं छापून नेली: जैविक प्रक्रिया, प्रजनन, आनुवंशिकता. त्यावर प्रयोगवही ठेवली, आणि बायोलॉजीचं क्रेडिट मिळालं. क्रेडिट देणं शाळेच्या हातात असतं, तेव्हा भांडू नका, कागद दाखवा. आणि ज्यांचं क्रेडिट आलंय त्या तीन ईओसी यादीत का आहेत, तेही विचारा.

क्वीन्सकर: आणि नाहीच दिलं तर?

सई_ऑस्टिन: तर बायोलॉजी आणि हिस्टरी, दोन द्यायच्या. डिसेंबर, एप्रिल, जून असे मोके असतात. ‘अप्रोचेस’ ही पातळी गाठली की पास. पाचांतल्या जास्तीत जास्त दोन राहिल्या तरी बारावीला प्रिन्सिपल, विषयशिक्षक आणि पालक यांची समिती प्रोजेक्ट वगैरे बघून डिप्लोमा देऊ शकते. २०१५ पासून तशी सोय आहे, पण त्या भरवशावर राहू नका.

रेवती_पी: हिस्टरी ती वर्गात शिकतेच आहे, ती देईल. प्रयोगवही पुण्यात आजीकडे आहे, आजच फोटो मागवते. सोमवारी कौन्सेलरची वेळ घेतलीय.

सई_ऑस्टिन: फोटोत शिक्षकांची सही आणि शाळेचा शिक्का येऊ द्या. आम्हाला त्यासाठीच परत पाठवलं होतं.