शेवटच्या मिनिटांतली पेनल्टी : आपले अनुभव लिहावेत (अनुभव धागा)

धागाकर्ता, पाचपाखाडी, ठाणे

फुटबॉलच्या नियमपुस्तकाच्या दृष्टीने दहाव्या मिनिटाची पेनल्टी आणि नव्वदाव्या मिनिटाची पेनल्टी सारखीच असते. तेच ११ मीटर अंतर आणि तोच ७.३२ मीटर रुंद गोल. तरीही १९९० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात रोमला आंद्रेयास ब्रेमेने ८५ व्या मिनिटाला मारलेली पेनल्टी आजही आठवते, कारण आधीच एक खेळाडू गमावलेल्या अर्जेंटिनाकडे त्यानंतर उत्तर द्यायला वेळच उरला नव्हता. हाच गोल विसाव्या मिनिटाला झाला असता, तर पश्चिम जर्मनीला तासाभराहून अधिक काळ ती आघाडी राखावी लागली असती. उशिरा मिळालेली पेनल्टी निकाल फिरवते ती गोलापेक्षा घड्याळामुळे, असे माझे मत आहे. आपल्याकडे जे खेळतात, पंचाचे काम करतात किंवा मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडतात, त्यांनी स्वतः पाहिलेले प्रसंग लिहावेत. शूटआउटचे, म्हणजे बरोबरीनंतर पेनल्टी मारून निकाल लावण्याचे, किस्से मात्र कृपया येथे नकोत. तो विषय एकदा सुरू झाला की आवरत नाही.

माजी गोलरक्षक, वाशी

आंतरमहाविद्यालयीन सामना, जुलै महिना, गोलशून्य बरोबरी आणि उरलेली दोन मिनिटे. पेनल्टीच्या बिंदूवर घोटाभर चिखल होता. चेंडू ठेवला की तो हळूच कलंडायचा, मारणारा पुन्हा वाकून तो उचलायचा, जर्सीला पुसायचा आणि पुन्हा ठेवायचा. हे तीनदा झाले. त्या अवधीत मी ठरवून टाकले की उजवीकडे झेपायचे. त्याने चेंडू सरळ मधोमध मारला. मी जागचा हललो नसतो, तर तो माझ्या गुडघ्यावर आदळला असता.

इस्राएली संशोधकांनी २८६ पेनल्टींचा अभ्यास करून २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष पुढे वाचनात आला. सुमारे २९ टक्के चेंडू मधल्या भागात आले होते, पण गोलरक्षक मध्ये थांबले ते अवघ्या ६.३ टक्के वेळा. झेप घेऊन गोल खाल्ला तर ‘प्रयत्न तरी केला’ असे म्हणता येते. नुसते उभे राहून खाल्ला तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. पहिल्या दहा मिनिटांत मी कदाचित थांबलोही असतो. शेवटच्या दोन मिनिटांत ती हिंमत माझ्यात नव्हती.

स्थानिक पंच, नेरूळ

माझी स्वतःची चूक सांगतो, कारण तिच्यामुळे एका संघाचे नुकसान झाले नसले तरी मनस्ताप मात्र भरपूर झाला. चौदा वर्षांखालील मुलांचा सामना होता आणि यजमान संघ एका गोलने मागे होता. खेळ थांबल्याबद्दल शेवटी दिलेली भरपाईची वेळ संपता संपता बचावपटूच्या हाताला चेंडू लागला आणि मी पेनल्टी दिली. घड्याळात वेळ संपली होती. अशा वेळी नियमाप्रमाणे केवळ ती पेनल्टी पूर्ण होईपर्यंतच सामना लांबवला जातो. गोलरक्षकाने चेंडू अडवला आणि तो परतून दुसऱ्या खेळाडूला लागला, की खेळ तिथेच संपतो. ही गोष्ट दोन्ही कर्णधारांना आधी सांगायला हवी होती, पण कडेच्या गलक्यात ते माझ्याकडून राहून गेले.

गोलरक्षकाने चेंडू हातांनी बाहेर ढकलला, यजमानांचा एक मुलगा धावत आला आणि त्याने तो जाळ्यात मारला. मुले एकमेकांच्या अंगावर उड्या मारू लागली आणि मी शिट्टी वाजवून सांगितले की गोल नाही, सामना संपला. हाच प्रसंग वेळ शिल्लक असताना घडला असता, तर तो गोल निर्विवाद धरला गेला असता. पुढची वीस मिनिटे एक पालक नियमपुस्तक मोबाइलवर उघडून माझ्या मागे फिरत होते, आणि त्यांना हवा असलेला नियम नेमका त्यांच्याविरुद्धच होता.

तेव्हापासून वेळ संपत असताना अशी पेनल्टी दिली की मी आधी दोन्ही कर्णधारांना जवळ बोलावतो आणि ‘परतलेला चेंडू मारता येणार नाही’ हे दोनदा म्हणवून घेतो. अशा पेनल्टी बहुतेक दमलेल्या पायांमुळे होतात, हेही नोंदवावेसे वाटते. बचावपटू अर्धे पाऊल मागे पडतो, मग पाय पुढे करतो आणि तो चेंडूऐवजी माणसाला लागतो.

एका खेळाडूची आई, घोडबंदर रोड

आमच्या मुलाने एक-एक बरोबरी असताना पेनल्टी बाहेर मारली. तेव्हा सामना संपला नव्हता, चांगली चार मिनिटे बाकी होती. पण त्याच्या संघातली सगळी मुले खाली मान घालून उभी राहिली, समोरच्यांनी गोलकिक झटकन घेतली आणि दुसऱ्याच मिनिटाला आमच्यावर गोल झाला. घरी येताना गाडीत तो एवढेच म्हणाला, “आई, माझ्यामुळे दोन गोल गेले, एक त्यांचा आणि एक आपला.”

मी त्याला २०१० च्या घाना-उरुग्वे सामन्याविषयी सांगितले. जादा वेळेच्या अगदी शेवटी उरुग्वेच्या सुआरेझने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला, त्याला लाल कार्ड मिळाले आणि घानाच्या असामोआ ग्यानची पेनल्टी क्रॉसबारला लागली. धागाकर्त्यांची क्षमा मागून शूटआउटचा उल्लेख करते : त्याच ग्यानने काही मिनिटांतच घानाची पहिली किक घेतली आणि गोल केला. घाना तरीही हरला. मुलाने विचारले, “मग उपयोग काय?” मला उत्तर देता आले नाही.

रात्रीच्या टर्फवरचा खेळाडू, कोपरखैरणे

आमच्याकडे रात्री अकराच्या स्लॉटमध्ये शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. ती अडवली गेली आणि त्यांच्या गोलरक्षकाने फेकलेल्या चेंडूवर आमच्यावरच गोल झाला, कारण आम्ही सगळे जल्लोषाच्या तयारीत पुढे जाऊन उभे होतो. २०१३ च्या मे महिन्यात वॉटफर्ड आणि लेस्टर या इंग्लिश क्लबांच्या सामन्यात हेच घडले होते. भरपाईच्या वेळेत लेस्टरच्या नॉकार्टची पेनल्टी आणि परतलेल्या चेंडूवरचा त्याचा फटका, दोन्ही वॉटफर्डचा गोलरक्षक अल्मुनियाने अडवले आणि लगेच दुसऱ्या टोकाला वॉटफर्डच्या डीनीने गोल केला. आमच्या पराभवाची किंमत मात्र फक्त टर्फचे भाडे एवढीच होती.

प्रेक्षक, नेरूळ

धागाकर्त्यांशी थोडा मतभेद आहे. डी. वाय. पाटील स्टेडियम आमच्या गच्चीवरून दिसते, पण २०२२ च्या फेब्रुवारीतला महिला आशियाई चषकाचा अंतिम सामना मी टीव्हीवर पाहिला. मध्यंतराला दक्षिण कोरिया दोन गोलांनी पुढे होता. ६८ व्या मिनिटाला चीनच्या तांग जियालीने पेनल्टीवर गोल केला, चारच मिनिटांत चीनने बरोबरी साधली आणि भरपाईच्या वेळेत तिसरा गोल करून चषक नेला. येथे पेनल्टीने वेळ संपवला नाही, उलट उरलेल्या वेळाला अर्थ दिला. त्यामुळे वीस मिनिटे शिल्लक असतानाची पेनल्टी मला अधिक घातक वाटते.

धागाकर्ता

नेरूळकरांचा मुद्दा मान्य आहे. मात्र कोरियाला सावरायला वीस मिनिटे मिळाली होती आणि त्यांनी ती गमावली. ब्रेमेच्या गोलनंतर अर्जेंटिनाला गमावण्यासारखेही काही उरले नव्हते. वाशीच्या दादांना एक प्रश्न : तो मधोमध मारणारा खेळाडू पुढे कधी भेटला का?

माजी गोलरक्षक, वाशी

भेटतो, दर रविवारी. आम्ही आता एकाच संघातून खेळतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने डावा कोपरा ठरवला होता. चिखलात टेकलेला पाय घसरला म्हणून चेंडू मधून गेला.