मदत हवी: १९७४च्या पद्मिनीत प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं इंजिन बसवायचंय, सोबत काय काय घ्यावं?

नमस्कार मंडळी,

गाडी १९७४ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, कोल्हापूर पासिंग. ब्लॉक शेवटच्या ओव्हरसाइजला पोचलाय (सिलिंडर आणखी मोठे कापता येत नाहीत) आणि क्रँक ६० थाऊला (घासून ०.०६० इंच बारीक झालेला). आंबा घाट चढताना असा निळा धूर निघतो की मागचे लोक हॉर्न मारत नाहीत, आपणहून लांब राहतात.

मिस्त्रींचं म्हणणं, लायनर (सिलिंडरमध्ये नवी नळी) मारून याच इंजिनावर पुन्हा खर्च करण्यापेक्षा ११८ एनईचं निसान ए-१२ टाका. ११७१ सीसी, ५२ बीएचपी, आणि आपलं चाळीसच्या आसपास. तेही उभं बसणारं, मागची चाकं फिरवणारं, म्हणजे मांडणी तीच. एक भंगारवाला कार्ब्युरेटर-डिस्ट्रिब्युटरसकट इंजिन द्यायला तयार आहे. गिअरबॉक्स त्याच्याकडे नाही.

तसा मला तो नकोच आहे. स्टीअरिंगवरचा गिअर मला सोडायचा नाही. पुढचं सीट अखंड आहे, मधली जागा आईची. खाली दांडा आला की तिचे गुडघे गेले. म्हणून इंजिन निसानचं आणि गिअरबॉक्स फियाटचा, मधे दोन्ही जोडणारी अडॅप्टर प्लेट, असं कोणी केलंय का? क्लच प्लेट कुठली लागते? ऑइल चेंबर स्टीअरिंगच्या रॉडला लागतं का? इंजिनाचा इसार द्यायच्या आधी विचारतोय.

उद्यमनगरी:
दादा, सुटं इंजिन घेऊच नका. ए-१२ मिळेल हो, त्याच्या भोवतीचं सामान मिळत नाही. फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, सेल्फ, माउंटिंगचे ब्रॅकेट, एक्झॉस्टचा पुढचा पाइप, हे एकेक शोधत बसलात तर इंजिनापेक्षा जास्त पैसे जातील. पत्रा सडलेली का होईना, अख्खी ११८ एनई घ्या आणि उरलेलं विकून टाका.

अडॅप्टर प्लेट होते, पण 'चार भोकं पाडून देतो' म्हणणाऱ्या लेथवाल्याकडे जाऊ नका. प्लेटची जाडी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरून ठरते. शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या पायलट बुशमध्ये (टोकाला आधार देणाऱ्या कड्यात) नीट शिरलं पाहिजे आणि क्लच प्लेटचा हब शाफ्टच्या दातांवर पूर्ण बसला पाहिजे. बुश नवा करावा लागेल, बाहेरून निसानच्या क्रँकच्या मापाचा, आतून फियाटच्या शाफ्टच्या. क्लच प्लेट निसानच्या व्यासाची, तिला मधला हब फियाटचा. क्लचचं काम करणारे रिव्हेट मारून देतात.

खरं काम पुढे आहे. फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक दाखवणारं मापाचं घड्याळ) लावून इंजिन हातानं फिरवायचं आणि बेल हाउसिंगचं (क्लचवरच्या घराचं) मधलं भोक क्रँकच्या सेंटरशी जुळवायचं. जुळलं की डॉवेल पिना मारायच्या, कारण नुसत्या बोल्टांवर सेंटर टिकत नाही. डोळ्यानं जुळवलेल्या गाड्यांचं इनपुट शाफ्टचं बेअरिंग ओरडत येतं आमच्याकडे.

चेंबरचं म्हणाल तर इंजिन आत टांगून बघितल्याशिवाय कोणी छातीठोक सांगू नये. लागलंच तर चेंबर कापून वेल्ड करता येतं, पण मग ऑइल पंपाची जाळीही सरकवावी लागते, हे विसरतात लोक.

घाटमाथा:
काकूंचे गुडघे मान्य, तरी एक सांगतो. शेवटच्या काळात कंपनीनं पद्मिनीची एस-१ काढली होती. निसानचा गिअरबॉक्स, खाली दांडा, बकेट सीट. म्हणजे तो गिअरबॉक्स या बॉडीत बसतो हे कंपनीनंच करून दाखवलंय. विचार बदललात तर एस-१चा मागचा क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सखालचा आडवा आधार) आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) शोधा, कापाकापी वाचेल. बेल हाउसिंग मात्र तिचं चालणार नाही, तिला इंजिन १०८९चंच होतं.

डिफरन्शियलचा रेशोही बघून घ्या. गाडी न्यूट्रलला, मागचं एकच चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर, पुढच्या चाकांना दगड. उचललेलं चाक बरोब्बर २ वेळा फिरवायचं आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते खडूची खूण करून मोजायचं. तो आकडा म्हणजे रेशो. ११८ एनईचाही असाच काढा, म्हणजे हायवेला इंजिन किती ओरडणार ते कळेल.

आरसीबुक:
कागदांचं कोणी बोललंच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंजिन बदलायला आधी आरटीओची परवानगी लागते. त्यामुळे जुन्या इंजिनाची आरसी आणि विक्रीचा कागद मिळत नसेल तर ते इंजिन फुकटही नको.

दुसरं, गाडी १९७४ची, म्हणजे पन्नाशी ओलांडलेली. २०२१च्या नियमांप्रमाणे ती व्हिंटेज म्हणून नोंदता येते, 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. पण अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. ए-१२ टाकलंत की ते दार बंद. अर्थात व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही, रॅली आणि प्रदर्शनंच. तुम्हाला घाट चढायचा असेल तर तसंही तिचा उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर मूळचंच इंजिन करा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. कुर्ल्याच्या भंगारात बरा ब्लॉक आणि कमी घासलेला क्रँक अजून निघतो.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. इसार थांबवलाय. कुर्ल्याला जाऊन ब्लॉक बघतो, बोअर गेज (सिलिंडरचं आतलं माप घ्यायचं साधन) बरोबर नेतो. १०८९चा ब्लॉक स्टँडर्ड किंवा पहिल्या ओव्हरसाइजला मिळाला तर विषय तिथेच संपला. नाहीच मिळाला तर अख्खी ११८ एनई आणि उद्यमनगरी दादांची डायल गेज.

सांगली-सोलापूर पट्ट्यात कोणाच्या माहितीत आरसीसकट उभी ११८ एनई असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पत्रा गेलेला चालेल, इंजिन हातानं फिरलं पाहिजे.

उद्यमनगरी:
इंजिन कुठलंही घाला, आधी ब्रेक. चारही ड्रम उघडून व्हील सिलिंडरचे रबर बदला. घाट उतरायचाही असतो.