१३०च्या वेगावर १५ वर्षं कशी काढतात? (संदर्भ: धवल कुलकर्णी)

ओलीखेळपट्टी:
मुंबईचा मध्यमगती गोलंदाज धवल कुलकर्णी प्रथमश्रेणीत २००८-०९ ते २०२३-२४ खेळला. ९५ सामने, २८१ विकेट. भारताकडून १२ वनडे आणि २ टी-२०, कसोटी एकही नाही. वेग ताशी १३० किमीच्या आसपास. आपल्याकडच्या पाटा (गोलंदाजाला मदत न करणाऱ्या) विकेटांवर हे जमतं कसं? अंडर-१९ मधल्या मध्यमगती पोराने त्याच्याकडून नेमकं काय उचलावं? ‘मेहनत’ आणि ‘सातत्य’ सोडून बोला.

चौथास्टंप:
टप्पा. स्टंपपासून सहा-सात मीटर, ऑफस्टंपच्या किंचित बाहेर. या वेगाचा चेंडू आठ मीटरच्या मागे पडला की फलंदाज आरामात मागच्या पायावर जातो. १४५वाल्याला तिथे उसळी वाचवते, याला कोणी वाचवत नाही.

दुसरं म्हणजे चेंडू. रणजीत एसजी कंपनीचा असतो, शिवण हाताने घातलेली आणि उठावदार. पहिली दोन बोटं शिवणीच्या दोन्ही अंगांना, अंगठा खाली शिवणीवर, आणि सोडताना मनगट चेंडूच्या मागे. मनगट बाजूला कललं की शिवण डगमगते आणि आउटस्विंगर (हवेत फलंदाजापासून बाहेर वळणारा चेंडू) सरळ जातो. पोरं इथे वेग वाढवायला जातात, त्यात मनगट आणखी ढळतं. लकाकीसाठी लाळ बंद, घामच वापरायचा. घामेजलेला हात खरखरीत बाजूला लागला तर रिव्हर्स स्विंग (जुना चेंडू नेहमीच्या उलट वळणं) विसरा, म्हणून चेंडू घासायचं काम संघात एक-दोघांनाच द्यावं.

धवलचे रणजी अंतिम सामने बघा: २०१६ला पुण्यात सौराष्ट्रविरुद्ध ४२ धावांत ५, २०२४ला वानखेडेवर विदर्भाविरुद्ध १५ धावांत ३. मधली आठ वर्षं हाच टप्पा.

लालमाती:
टप्प्याचं मान्य, पण त्याआधी शरीर टिकायला हवं. पहिल्याच मोसमात ४२ विकेट घेतल्या म्हणून कौतुक होतं. मला त्याचं वयाच्या ३५व्या वर्षी रणजी फायनल खेळणं जास्त अवघड वाटतं.

अंडर-१९च्या पोराची अ‍ॅक्शन आधी समोरून आणि बाजूने मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये घ्या. मागचा पाय टेकताना कंबर बाजूला वळलेली आणि खांदे समोर उघडे, असं दिसलं तर ती मिश्र अ‍ॅक्शन. त्यात दर चेंडूला कमरेला पीळ बसतो आणि खालच्या मणक्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर होऊ शकतं. पाठ एकाच बाजूला, विशेषतः मागे वाकताना दुखत असेल तर ‘स्नायू धरलाय’ म्हणून बाम चोळत बसू नका. गोलंदाजी थांबवून एमआरआय काढा. साध्या एक्स-रेत सुरुवातीची चीर बऱ्याचदा दिसत नाही.

हल्लीचं वेळापत्रकही वाईट आहे. रणजी दोन तुकड्यांत, मध्ये मुश्ताक अली (टी-२०) आणि विजय हजारे (५० षटकांची). दिवसाला चार ते दहा षटकं टाकणारा गोलंदाज जानेवारीत एकदम अठरा-वीस टाकतो. पांढऱ्या चेंडूच्या काळातही आठवड्यातून दोनदा नेटमध्ये लाल चेंडूने पाच-सहा षटकांचे सलग स्पेल टाकायला हवेत. शिवाय यॉर्कर (थेट पायाशी पडणारा) आणि स्लोअर (मुद्दाम हळू टाकलेला) चेंडूंची सवय लागलेली असते, त्यामुळे पहिल्या तासात टप्पा एकतर फार पुढे नाहीतर आखूड.

शेवटचंषटक:
पैशाचंही कोणीतरी सांगा. २०२१-२२ पासून रणजीचं मानधन दिवसाला: २० सामन्यांपर्यंत ४० हजार, २१ ते ४० सामने ५० हजार, त्यापुढे ६० हजार. अकरात नसाल तर निम्मे. नवा पोरगा साखळीतले सातही सामने पूर्ण खेळला तर २८ दिवसांचे ११ लाख २० हजार. एक हॅमस्ट्रिंग गेली की त्यातले निम्मे बुडाले. पूर्वी बँक, रेल्वे, ऑइल कंपनी असायची पाठीशी.

ओलीखेळपट्टी:
@लालमाती, मिश्र अ‍ॅक्शनचं उपयोगी पडेल. मग मुंबईतल्या कांगा लीगचं काय? पावसाळ्यात तिथे खोऱ्याने विकेट मिळतात.

चौथास्टंप:
मिळतात, पण मोजू नका. ओल्या विकेटवर चेंडू थांबून येतो, आखूड टाकलेल्यावरही झेल उडतो. तोच पोरगा डिसेंबरात राजकोटच्या पाटा विकेटवर तो चेंडू टाकेल तर पॉइंटच्या मागून चौकार. कांगात बघायचं ते एवढंच: रनअप निसरडा असताना पुढचा पाय क्रीझच्या आत पडतो का, आणि दहाव्या षटकात पहिल्या षटकाइतक्याच पुढे टप्पा पडतो का. विकेटच्या एका बाजूला सहा मीटरवर चुन्याची खूण करून स्कोअररला टिपून ठेवायला सांगा.

लालमाती:
चुना नको, ग्राउंड्समन ओरडेल. सीमारेषेबाहेर, विकेटच्या काटकोनात मोबाइल लावा, टप्पा व्हिडिओत दिसेल.