जुनी डिझेल इंजिनं भंगारात घालण्यापेक्षा इलेक्ट्रिक का करत नाहीत?

रूळप्रेमी_सांगली
पुणे-मिरज लाईनला वरून विजेची तार आली, 2022 मध्ये कोकण रेल्वेपण पूर्ण इलेक्ट्रिक झाली, चांगलंच झालं, पण मग धडधाकट डिझेल लोकोंचं (म्हणजे गाडी ओढणाऱ्या इंजिनांचं) काय? सांगाडा चांगला, बोगी (खालची चाकांची चौकट) चांगली, नुसतं आतलं डिझेल इंजिन काढून वर तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ बसवला तर चालणार नाही का? भंगारात जाताना बघवत नाही हो.

शेडवाले_काका
चालतं की. अरे डिझेल लोको आतून इलेक्ट्रिकच असतो. इंजिन वीज बनवणारा अल्टरनेटर फिरवतं आणि त्या विजेवर ट्रॅक्शन मोटर चाकं फिरवतात. म्हणजे वीज वरच्या तारेतून घेतली की झालं, फक्त 25 हजार व्होल्ट खाली आणायला ट्रान्सफॉर्मर आणि कंट्रोलची सामग्री बसवावी लागते. वाराणसीच्या कारखान्यात हे केलंयसुद्धा, डिसेंबर 2017 ला काम धरलं आणि 69 दिवसांत मालगाडीचे दोन डिझेल लोको (डब्ल्यूडीजी-3ए) जोडून 10 हजार हॉर्सपॉवरचा जोड-लोको बाहेर काढला, डब्ल्यूएजीसी-3. सरकारी आकड्यांप्रमाणे एकेकाची ताकद 2600 वरून 5000 वर गेली, कारण आता आतल्या इंजिनाची मर्यादाच उरली नाही. फेब्रुवारी 2019 ला पंतप्रधानांनी त्याला झेंडा दाखवला. आमच्या लोकांनी केलेलं काम आहे हे, अभिमान वाटतो.

रूळप्रेमी_सांगली
मग काका सगळेच का नाही केले??

कल्याण_लोकल
काकांचा आदर आहे पण मला ते सरसकट करणं पटत नाही. मालगाडीचा इलेक्ट्रिक लोको डब्ल्यूएजी-9 बघा, थ्री-फेज (एसी विजेवरची) मोटर, 6 हजारांच्या वर हॉर्सपॉवर आणि घाट उतरताना ब्रेक लावला की वीज परत तारेत जाते, अल्को कंपनीच्या डिझाईनच्या जुन्या डिझेलमध्ये तीच शक्ती रेझिस्टरमध्ये तापून वाया जायची. आणि सांगाडा जुना तो जुनाच, शिवाय मोजक्याच लोकोंसाठी शेडला वेगळे सुटे भाग ठेवायचे आणि माणसं वेगळी शिकवायची, हा व्याप कोण करणार. करायचंच असेल तर ईएमडी कंपनीच्या डिझाईनच्या डब्ल्यूडीजी-4 या डिझेल लोकोचं करा, त्यात थ्री-फेज मोटर आधीपासून आहेत आणि वयही कमी.

शेडवाले_काका
ईएमडीचं म्हणणं बरोबर आहे तुझं, मान्य. पण अठरा वर्षांनी डिझेल लोकोचं मोठं ओव्हरहॉल करायचंच असतं, त्यात कोट्यवधी जातात, तो पैसा परत डिझेलमध्येच घालायचा का हा मूळ प्रश्न होता.

रत्नागिरी_एक्सप्रेस
सगळेच बदलू नका एवढंच सांगते. पावसाळ्यात आमच्याकडे दरड आली आणि तार तुटली की मदतीची गाडी डिझेलवरच येणार. बाकी डेमू गाड्यांचं (डिझेलवरच्या, वेगळा लोको न लागणाऱ्या पॅसेंजर गाड्यांचं) म्हणाल तर हरियाणात जिंद-सोनीपतसाठी जुन्या डेमूवर हायड्रोजनपासून वीज बनवणारा फ्युएल सेल बसवायचं काम काढलंय, त्यात फ्युएल सेलसोबत बॅटरीही असते, त्यामुळे तार नसलेल्या फाट्यांवर तशी गाडी चालू शकेल. रूळप्रेमी दादा, तुम्ही या हायड्रोजन गाडीवर वेगळा धागा काढा ना, मला वाचायचंय.