नर्सिंगनंतर डिजिटल हेल्थमध्ये पीजी करावं का? नोकरी न सोडता होईल का?

सत्तरीची_बाय
नमस्कार. मी बांबोळीला बीएस्सी नर्सिंग केलंय, नऊ वर्षं सरकारी नोकरी, सध्या गोव्यातच सत्तरी तालुक्यात एका आरोग्य केंद्रात आहे. कंप्युटर आले तेव्हा "तुला जमतं ना, तूच बघ" असं झालं आणि तेव्हापासून आभा (पेशंटचं सरकारी डिजिटल आरोग्य खातं) काढून देणं, ओपीडीची नोंदणी, क्यूआर स्कॅन करून टोकन, सगळं माझ्याकडे. काम आवडतं मला, खरंच आवडतं. पण आमच्या एएनएम (गावोगावी काम करणाऱ्या सिस्टर) आधी रजिस्टरात लिहितात आणि तेच परत स्क्रीनवर भरतात, आणि एवढं सगळं करून म्हातारी माणसं गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलातून) परत आली की त्यांची माहिती आमच्यापर्यंत येते ती प्लास्टिकच्या पिशवीतूनच, डिस्चार्जचा कागद, एक्स-रे, गोळ्यांची पाकिटं एकत्र कोंबलेली. हे बदलता येईल असं वाटतं पण कसं ते मला कोणी शिकवलेलं नाही. डिजिटल हेल्थ लीडरशिपचे पीजी कोर्स असतात म्हणे. कोणी केलाय का? कोडिंग यावं लागतं का? मुलगा चौथीत आहे, त्यामुळे नोकरी आणि घर सोडून कुठे जाता येणार नाही.

फोंडेकर_इंग्लंड
ताई, कोडिंगचं आधी डोक्यातून काढा, ते ह्या कोर्सचं कामच नाही.
मी इथे इंग्लंडला एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य सेवेत, नर्स आहे. इथे २००२ मध्ये नॅशनल प्रोग्रॅम फॉर आयटी म्हणून हॉस्पिटलांच्या नोंदी कंप्युटरवर आणायचं प्रचंड काम काढलं होतं, सगळं वरून ठरवलेलं, अब्जावधी पौंड गेले आणि २०११ मध्ये सरकारने ते गुंडाळलं. मग रॉबर्ट वॉक्टर ह्या अमेरिकन डॉक्टरांच्या समितीने २०१६ मध्ये रिपोर्ट दिला, त्यात एक मोठा मुद्दा हा होता की नुसती सिस्टिम आणून भागत नाही, पेशंटही कळतो आणि सिस्टिमही कळते अशी माणसं हॉस्पिटलांत तयार करायला हवीत. त्यातून एनएचएस डिजिटल अकॅडमी निघाली. इम्पीरियल कॉलेज, एडिनबरा युनिव्हर्सिटी आणि हार्वर्ड मेडिकल स्कूल मिळून वर्षभराचा पीजी डिप्लोमा, बराचसा ऑनलाइन, नोकरी करता करता. शिकवायचे काय तर आरोग्य व्यवस्था कशी चालते, वापरणाऱ्याला विचारून सिस्टिम कशी घडवायची, डेटा कसा वाचायचा आणि माणसांना बदलासाठी सोबत कसं घ्यायचं. तो इथल्या नोकरदारांसाठी होता, तुम्हाला मिळणार नाही, पण कुठलाही कोर्स बघताना विषयांची यादी ह्याच्याशी ताडून बघा. नुसती एआय आणि ब्लॉकचेनची व्याख्यानं असतील तर पैसे घालू नका.

साखळी_७७
आपल्या साखळीलाच गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये हेल्थकेअर मॅनेजमेंटचा पीजीडीएम आहे, पण दोन वर्षं पूर्ण वेळ आणि कॅटसारखी प्रवेश परीक्षा, म्हणजे नोकरीवर पाणी. दिल्लीच्या आयआयएचएमआर ह्या हेल्थ मॅनेजमेंटच्या संस्थेत हेल्थ आयटी हा विषय घेता येतो, तेही पूर्ण वेळच. ब्रिटनच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपचं कोणी सांगेल तर ती ऑनलाइन कोर्सला मिळत नाही, वर्षभर तिकडे जाऊन राहावं लागतं.

डिचोलीचा_डॉक्टर
बाय, तुमची पिशवीची गोष्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी आधी एका हॉस्पिटलमध्ये होतो (नाव नको), तिथे एका सोमवारी नवीन सॉफ्टवेअर चालू केलं, नर्सना शुक्रवारी एक तास दाखवलं तेवढंच. इंजेक्शन दिल्याची नोंद करायला सात क्लिक. महिन्याभरात सिस्टर लोक हातावर पेनने लिहायला लागल्या आणि ड्युटी संपताना एकदम भरायच्या, म्हणजे स्क्रीनवरची वेळ खोटी. कोणाचाच हेतू वाईट नव्हता, पण सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं त्या मीटिंगला एकही नर्स नव्हती. त्या मीटिंगमध्ये बसून हक्काने बोलता यावं म्हणून तुम्ही पीजी करा असं मला मनापासून वाटतं. आभा नंबर १४ आकडी असतो एवढं सगळ्यांना पाठ आहे, पण आभा काढली म्हणजे कागद आपोआप जोडले जात नाहीत, दोन्हीकडच्या सॉफ्टवेअरने एकाच पद्धतीने माहिती लिहायला हवी (त्यासाठी एफएचआयआर, स्नोमेड अशी मानकं आहेत) आणि पेशंटची संमती हवी, हे मीटिंगला कोण सांगणार? आणि कोर्स घेताना एकच अट ठेवा, प्रोजेक्ट स्वतःच्या कामाच्या जागी करायला देणारा हवा आणि तुमच्या हेल्थ ऑफिसरची लेखी परवानगी आधी हातात हवी. ती नसेल तर सर्टिफिकेट भिंतीवर आणि तुम्ही परत पासवर्ड रीसेट करायला.

फोंडेकर_इंग्लंड
डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. आणि घरी होणारी केअर पण विसरू नका. माझी आई फोंड्याला एकटी असते, तिच्या गोळ्या कोणी बदलल्या ते शेजारीण मला व्हॉट्सॅपवर फोटो पाठवून सांगते. गोव्यात अशी किती घरं आहेत, मुलं बाहेर आणि म्हातारी माणसं तिथे एकटी. नुसतं दवाखान्यापुरतं डिजिटल केलं तर ही घरं त्यातून सुटतातच.

सत्तरीची_बाय
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, डॉक्टर तुम्हाला विशेष. सोमवारी हेल्थ ऑफिसर मॅडमना परवानगीचं विचारते. तोपर्यंत एक काम सुरू केलंय, गोमेकॉतून आलेल्या पेशंटच्या पिशवीत काय काय असतं आणि त्यातलं आमच्या स्क्रीनवर काय दिसतं ते वहीत लिहून ठेवतेय. काल चार पेशंट झाले. चौघांपैकी एकाचंही डिस्चार्ज स्क्रीनवर नव्हतं. नोकरी करत अर्धवेळ, ऑनलाइन असा कोर्स खरंच कोणी पूर्ण केला असेल तर प्लीज इथेच लिहा, फी आणि आठवड्याला किती तास जातात ते पण.